पाणिग्रहण आणि परवाना

पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या सडकेवर भोसरी हे गाव आहे. आमच्या वडिलांच्या पिढीस ठाऊक असलेली भोसरी म्हणजे भैरवनाथाचे देऊळ, उत्सवातील कुस्त्यांचे फड, बैलगाड्यांच्या शर्यती आणि भोवतालची शेते, एवढीच. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व पुढे या शेतांतून कारखाने उभे राहिले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. या अवधीत येथील कुटुंबांचे जे स्थित्यंतर झाले त्याचा बराचसा भाग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आजोबांनी बैल विकून लेथ घेतला, मुलाने दोन लेथांचे चार केले, आणि नात अभियांत्रिकीची पदवी घेऊन चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात जाऊ लागली. परदेशीयांचा संबंधही या मुलखास नवा नाही. १९५८ साली जर्मनीतील टेंपो कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेंपो ही कंपनी निघाली, आणि त्या जर्मन कारखान्याचे नाव आपल्या भाषेत भाजीच्या बाजारापर्यंत जाऊन पोहोचले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. यंत्रे आली, त्यांच्या मागोमाग माणसे आली. आणि जेथे तरुण माणसे एकत्र काम करितात तेथे कधी मनेही जुळावयाची, हे ओघानेच आले.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वर्कशॉपवाल्याची कन्या लहानपणी आमच्याकडे इंग्रजी शिकावयास येत असे. ती अभियंता झाली, चाकणला नोकरीस लागली, आणि तेथे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका जर्मन तरुणाशी तिचा स्नेह जडला. तरुण मुदत संपताच परत गेला. त्यानंतर दोन वर्षे उभयतांचा सहवास मोबाइलच्या काचेपुरता उरला आहे. येथे जेवणे आटोपून निजानीज होते तेव्हा तिकडे तो कामावरून घरी येतो. मुलीच्या वडिलांनी प्रथम त्रागा केला, मग काही महिने मौन धरले, आणि अखेरीस एका रविवारी आमच्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, “सर, जातीचं, भावकीचं मी माझं बघून घेतलं. आता ही पोरं म्हणतात, व्हिसाचं कठीण आहे. पोरगी आमची, पोरगा त्यांचा, दोन्ही घरं राजी. मग मधी सरकारचं काय काम?”

आम्ही इतिहासाचे अध्यापक. कायद्याचा प्रश्न आम्हांस विचारणे म्हणजे औषधासाठी पंचांगवाल्याकडे जाणे होय. तथापि शेजारधर्म म्हणून आम्ही सल्ला दिला, आणि तो चुकीचा दिला. “मुलीने पर्यटक म्हणून जावे, तेथे लग्न लावावे, पुढचे पुढे पाहता येईल,” असे आम्ही बोलून गेलो. नंतर चौकशी करिता आढळले की, लग्न करून राहण्याचा हेतू मनात ठेवून पर्यटकाचा व्हिसा मागणे म्हणजे अर्जात असत्य लिहिणे होय. ते उघडकीस आल्यास पुढील प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. मुलीने आमचे ऐकले नाही हे तिचे शहाणपण. आमच्या अंगी मात्र अपराधाची बोच राहिली, आणि तिच्या वडिलांचा प्रश्नही मनातून जाईना. नवराबायकोच्या मध्ये सरकार केव्हा व कसे येऊन उभे राहिले, याचा जो शोध आम्ही त्यानंतर घेतला तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

ज्या महाराष्ट्रीय दांपत्याच्या ताटातुटीची कथा घरोघर ठाऊक आहे, त्यांच्यापासून आरंभ करणे योग्य होईल. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कास उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. पती गोपाळराव पोस्टखात्यातील नोकरीमुळे मागे राहिले, ते १८८५ साली अमेरिकेस पोहोचले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंस फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव तेथे हजर होते. या दोन वर्षांच्या वियोगात त्यांना अडविणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. पैसा नव्हता, समाज निंदा करीत होता, समुद्र ओलांडल्याचे पाप व त्याचे प्रायश्चित्त यांचा वाद जिवंत होता. परंतु आज ज्यास व्हिसा म्हणतात, म्हणजे परक्या राज्याने आपल्या पासपोर्टावर आगाऊ उमटविलेली प्रवेशाची अनुज्ञा, ती त्या काळी अशा उतारूस लागत नव्हती. १८८२ च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक परदेशी उतारूमागे अर्ध्या डॉलरचा कर बसविला होता, आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ अशांस मनाई केली होती. त्यापलीकडे गोपाळरावांनी बायकोकडे का जावे, हे विचारणारा कारकून अद्याप जन्मास आला नव्हता.

मात्र तो सर्वांसच ठाऊक नव्हता असे नाही. चिनी स्त्रियांना तो आधीच भेटला होता. १८७५ साली अमेरिकेने पेज कायदा केला. अनीतीच्या व्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांस अटकाव करणे हा त्याचा उद्देश सांगितला गेला. त्यामुळे हाँगकाँग येथे बोटीवर चढण्यापूर्वीच अमेरिकन वकिलातीचा अधिकारी स्त्रियांची झडती घेऊ लागला, आणि पतीकडे निघालेल्या सरळ गृहिणींनाही आपण गृहिणी आहो हे सिद्ध करण्याची पाळी आली. बंदरात उतरल्यावर नव्हे, घर सोडण्यापूर्वीच चौकशी. आणि ती गुन्ह्याची नव्हे, विवाहाच्या खरेपणाची. आजच्या पद्धतीची ही दोन्ही लक्षणे त्या जुन्या कायद्यात स्पष्ट दिसतात.

विवाह खरा कोणता, हा प्रश्न हिंदी लोकांवर कोसळला तो दक्षिण आफ्रिकेत. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम नावाच्या स्त्रीच्या प्रकरणी असा निकाल दिला की, ज्या धर्मास बहुपत्नीत्व मान्य आहे त्या धर्माच्या विधीने लागलेले लग्न तेथील कायद्यास मान्य नाही. सबब पतीमागून येणाऱ्या या स्त्रीस पत्नी म्हणून प्रवेशाचा हक्क नाही. एका वाक्यासरशी हजारो हिंदू, मुसलमान व पारशी गृहिणी कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच पत्नी उरल्या नाहीत. या अपमानाचा परिणाम असा झाला की, तोवर घराबाहेर न पडलेल्या स्त्रिया गांधींच्या सत्याग्रहात उतरल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा व त्यांच्या सोबतिणींनी तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा भोगावयास आरंभ केला. नामदार गोखले आदल्याच वर्षी तो देश पाहून आले होते. त्यांनी प्रकृती ढासळत असताही इकडे निधी उभारून लढ्यास बळ दिले. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा जाचक कर गेला आणि एका पुरुषाची एकच पत्नी या मर्यादेत आपल्या विवाहांस मान्यता मिळाली. पतीजवळ राहण्याच्या हक्कासाठी हिंदी स्त्रियांनी तुरुंगवास पत्करल्याचे हे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपते, याची आम्हांस अध्यापक म्हणून लाज वाटते.

कॅनडातील शीख मजुरांचे गाऱ्हाणे याच जातीचे होते. हिंदुस्थानातून एका सलग प्रवासाने आले पाहिजे, अशी अट त्या सरकारने १९०८ साली घातली; आणि तशी बोटच नसल्यामुळे आलेले पुरुष तेथे व बायकामुले पंजाबात, अशी स्थिती झाली. जानेवारी १९१२ मध्ये भाई भागसिंग व भाई बलवंतसिंग यांनी आपली कुटुंबे व्हँकुव्हरास आणली तेव्हा त्यांना परत पाठविण्याचा हुकूम निघाला. बराच गवगवा झाल्यावर सरकारने त्यांस राहू दिले. पण ‘ही केवळ कृपा आहे, यावरून इतरांनी हक्क सांगू नये’ या अर्थाची पुस्ती जोडली. १९१८ च्या साम्राज्य परिषदेत, अन्य वसाहतींत स्थायिक झालेल्या हिंदी माणसास एक पत्नी व अज्ञान मुले आणता यावीत असा ठराव झाला, तेव्हा कोठे ही गाठ सैल झाली. ‘कृपा, हक्क नव्हे’ या तीन शब्दांची वाचकांनी आठवण ठेवावी. पुढील शंभर वर्षांचा इतिहास त्यांत सामावला आहे.

पहिल्या महायुद्धाने हेरांच्या भीतीपोटी सर्वत्र पासपोर्ट आणले. युद्ध संपले, भीती ओसरली, पासपोर्ट मात्र राहिले. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला परिषद भरून पासपोर्टाच्या पुस्तिकेचा नमुना ठरविण्यात आला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारनेही प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याचा कायदा केला. तो कायदा इंग्रज गेल्यावरही टिकला आणि १०५ वर्षांनी, २०२५ च्या नव्या कायद्याने, रद्द झाला. आवश्यकता अर्थातच रद्द झाली नाही.

परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या स्त्रीवर याच काळात दुसरा एक आघात होत होता. अमेरिकेच्या १९०७ च्या व ब्रिटिश साम्राज्याच्या १९१४ च्या कायद्याप्रमाणे परक्याशी लग्न करणारी स्त्री आपले मूळचे नागरिकत्वच गमावून बसे. अमेरिकेने १९२२ साली यात सुधारणा केली, पण जो नवरा स्वतः अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र त्याच्या पत्नीस ती लागू केली नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी लोक अपात्र ठरले. म्हणजे १९२३ पासून १९३१ च्या दुरुस्तीपर्यंत हिंदी माणसाचा हात धरणारी अमेरिकन स्त्री स्वदेशात परकी होत असे. याच काळात, १९२८ साली, इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी विवाह केला. हिंदू धर्माची दीक्षा घेऊन ती शर्मिष्ठादेवी झाली. आपल्याकडे धर्माचा व जातीचा वाद माजला. परंतु अमेरिकन कायद्यात अशा वधूसाठी कोणते कलम वाट पाहत होते याची वास्तपुस्त फार थोड्यांनी केली असेल. स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात हा दंड नाही. भोसरीच्या मुलीने जर्मनाशी लग्न केले तरी ती भारतीयच राहते, आणि पासपोर्ट आपलाच बाळगते. तिच्या वडिलांस आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरील ताण प्रथमच थोडा ओसरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर एक नवी वाट निघाली. परदेशी लढलेल्या अमेरिकन सैनिकांनी तेथेच विवाह केले होते व वाङ्निश्चयही केले होते. त्यांच्या पत्नींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये व वाग्दत्त वधूंसाठी जून १९४६ मध्ये कायदे झाले. वाग्दत्त वधूने यावे, तीन महिन्यांत लग्न करावे, न झाल्यास परत जावे, अशी दुसऱ्या कायद्याची तरतूद होती. ज्या वंशांस अमेरिकेचे दार मुळातच बंद होते त्यांतील वधू तेव्हा वगळल्या होत्या. १९७० साली अमेरिकेने वाग्दत्तांसाठी जो कायमचा व्हिसा निर्माण केला त्यात नव्वद दिवसांची मुदत आहे. आज इंटरनेटवर अर्ज भरणाऱ्या पुण्याच्या मुलीस हे नव्वद दिवस बहुधा विवक्षित शास्त्रीय हिशेबाने ठरले असावे असे वाटत असेल. १९४६ च्या सैनिकांच्या वधूंनाही नेमके तीनच महिने मिळाले होते, हे तिला कोणी सांगत नाही.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे तेरावे कलम म्हणते की, प्रत्येकास कोणताही देश सोडून जाण्याचा व स्वदेशी परत येण्याचा हक्क आहे. सोळावे कलम म्हणते की, वंश, राष्ट्रीयत्व वा धर्म यांची आडकाठी न येता प्रौढ स्त्रीपुरुषांस विवाह करण्याचा हक्क आहे. दोन्ही कलमे उदात्त आहेत. पण शेजारी ठेवून वाचली म्हणजे मधली फट दिसते. देश सोडण्याचा हक्क आहे, परकीयाशी लग्न करण्याचा हक्क आहे. मात्र त्या परकीयाच्या देशात प्रवेश करून त्याच्याजवळ राहण्याचा हक्क कोठेच लिहिलेला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली व पुन्हा १९७८ साली परदेशगमनाचे स्वातंत्र्य उचलून धरले. तेही उंबरठ्याच्या आतल्या बाजूचे स्वातंत्र्य आहे. समोरच्या घराची कडी समोरच्याच हाती. मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर या फटीत आहे. विवाह दोघांचा असतो, परंतु संसारास जमीन लागते, आणि पृथ्वीवरील बहुतेक सर्व जमीन आता कोणत्या ना कोणत्या राज्याची आहे. कॅनडाने १९१२ साली वापरलेला ‘कृपा’ हा शब्द आज कोणी उच्चारीत नाही; पण बहुतेक देशांत तत्त्व तेच आहे, आणि कृपा करणारा अटी घालतोच.

त्या अटी किती थरास जाऊ शकतात हे ब्रिटनने दाखविले. १९६२ पासून त्या देशाने राष्ट्रकुलातील लोकांवर निर्बंध घालण्यास आरंभ केला. पुढे नियम असा होता की, पत्नीस आगाऊ दाखला लागे, वाग्दत्त वधूस लागत नसे. म्हणून वधू म्हणविणारी स्त्री आधीच विवाहित नसेल ना, असा संशय घेतला जाई. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती अविवाहित आहे की नाही हे ठरविण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्राने ते उघडकीस आणताच दोन्ही देशांत संताप उसळला व तो प्रकार बंद झाला. पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून तो एकटा नव्हता हेही कळले. नंतर पुरुषांवर पाळी आली. ‘विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही’ हे परदेशी वरानेच सिद्ध करावे, असा नियम झाला. नसलेला हेतू कसा सिद्ध करावा, हे तर्कशास्त्राच्या अध्यापकांसही सांगता येणार नाही. तो नियम १९९७ पर्यंत चालला. मे १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, पत्नी आणण्यास सोपे व पती आणण्यास कठीण हा स्त्रियांविरुद्ध भेदभाव आहे, असा निर्णय दिला. ब्रिटनने समता केली खरी, पण पत्नींनाही पतींइतकेच अडवून.

आता वर्तमानकाळाकडे येऊ. कारण आमच्या शेजाऱ्याच्या घरी इतिहासाने चूल पेटत नाही. दूरदेशी मन गुंतलेल्या तरुणांपुढे आज साधारणतः चार वाटा आहेत.

पहिली वाट, लग्न आधी, प्रवास नंतर. दोघांचा धर्म व देश भिन्न असल्यास १९५४ चा विशेष विवाह कायदा उपयोगी पडतो. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य झालेले असावे. नोटिशीनंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावे. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावे. भोसरीच्या मुलीमुळे वास्तव्याची अट आपोआप पुरी होते. वराने स्वदेशातून आपल्या विवाहास अडथळा नसल्याचा दाखला आणावा लागतो. त्यानंतर पत्नी म्हणून व्हिसाचा अर्ज. जर्मनीने २००७ पासून अशा पत्नीस वा पतीस जर्मन भाषेची पहिली परीक्षा घातली आहे. गंमत अशी की, परदेशातून तेथे जाऊन ‘ब्लू कार्ड’ मिळविलेल्या अभियंत्याच्या पत्नीस ही परीक्षा माफ आहे, आणि जन्माने जर्मन असलेल्याच्या पत्नीस सामान्यतः नाही. ब्रिटनमध्ये भाषेबरोबर कमाईचीही अट आहे. २०१२ साली वर्षास १८,६०० पौंडांची असलेली ही मर्यादा २०२४ साली २९,००० पौंडांवर नेण्यात आली. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीस संख्येची मर्यादा नाही, पण तेथील कायम रहिवाशाच्या पत्नीस रांग आहे.

दुसरी वाट, वाग्दत्त म्हणून जाणे. अमेरिकेत ती केवळ नागरिकाच्या वाग्दत्तास खुली असून, १९८६ च्या कायद्यापासून दोघांनी आदल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असावे अशी अट सामान्यतः आहे. पडद्यावरील भेट चालत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिने मिळतात, त्यांत नोकरी करिता येत नाही. जर्मनीत विवाहार्थ प्रवेशाचा व्हिसा आहे. कॅनडात वाग्दत्तांचा वर्गच नाही. तेथे लग्न, नाहीतर वर्षभर एकत्र राहिल्याचा पुरावा, नाहीतर एकत्र राहणे परिस्थितीमुळे अशक्य होते असे सिद्ध करणे, असे मार्ग आहेत.

तिसरी वाट आम्हां आईबापांस सर्वांत गोड वाटणारी: जावयाने इकडे यावे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारास प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. नोंदलेला विवाह सलग दोन वर्षे टिकल्यावर तो ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करू शकतो. नागरिकत्वच हवे असल्यास नोंदणीने ते मिळविण्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. इतरांचे कायदे कठोर म्हणताना आपला कायदाही उदार नाही, हे ध्यानात असावे.

या तिन्ही वाटांत एक खाच आहे, आणि ती विशेषतः मुलींच्या आईबापांनी पाहावी. जो जोडीदाराच्या आधाराने प्रवेश करितो त्याचे तेथील राहणे काही काळ त्या आधारावरच टांगलेले असते. अमेरिकेत लग्नास दोन वर्षे होण्यापूर्वी मिळालेला कायम वास्तव्याचा अधिकार आरंभी सशर्त असतो. जर्मनीत स्वतंत्र हक्कासाठी सामान्यतः तीन वर्षे एकत्र संसार झालेला लागतो. ब्रिटनमध्ये पाच वर्षांनी स्थायिक होता येते. संसार सुखाचा असेल तर ही वर्षे कळतही नाहीत. दुःखाचा असेल तर छळ सोसणे किंवा देश सोडणे या दोहोंतच निवड आहे असे बिचारीस वाटू लागते. कायद्यात छळ झालेल्यांसाठी अपवाद आहेत, पण ते तिला ठाऊक असतातच असे नाही. अनिवासी पतींनी टाकलेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी आपल्या राष्ट्रीय महिला आयोगास २००९ साली वेगळा कक्ष उघडावा लागला, यावरून हा भयगंड नुसता पंतोजीचा नव्हे, हे वाचकांस पटेल.

चौथी वाट ती, जिच्यात जोडीदाराचे नाव अर्जावर येतच नाही: स्वतःच्या विद्येने वा कामाने जाणे. अभियंत्यास जर्मनीत नोकरी मिळाल्यास ब्लू कार्ड आहे. नोकरी शोधण्यासाठी जून २०२४ पासून गुणांवर मिळणारे ‘संधी कार्ड’ आहे. विद्यार्थ्याचा व्हिसा आहेच. ही वाट लांबची, आणि तीत अपयशाचा संभव अधिक. परंतु तीवरून गेलेल्या माणसाचे पाय स्वतःच्या जमिनीवर असतात.

येथे आम्हांस पुन्हा आनंदीबाई आठवतात. त्या कोणाच्या पत्नी म्हणून अमेरिकेस गेल्या नाहीत. वैद्यक शिकावयास गेल्या, आणि पती मागाहून आला. आजचा कायदा त्या काळी असता तर आनंदीबाई ‘विद्यार्थी’ व गोपाळराव तिचे ‘आश्रित’ ठरले असते, आणि विद्यार्थ्याच्या आश्रितास अमेरिकेत नोकरीची मनाई असल्यामुळे त्या करारी गृहस्थांस घरी बसावे लागले असते! पत्नीस शिकविण्याच्या हट्टापायी जगाशी भांडणाऱ्या त्या पुरुषास ही उलटापालट कशी वाटली असती, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही.

आम्ही हे सर्व टिपण काढून मुलीपुढे ठेवले आणि आमच्या पहिल्या सल्ल्याबद्दल तिची क्षमा मागितली. प्रवासाची तिकिटे, भेटींची छायाचित्रे, पत्रव्यवहार जपून ठेवावा, कारण परक्या अधिकाऱ्यास तुमचे प्रेम कागदावरच दिसणार, एवढेच आम्ही पुस्ती म्हणून जोडले. तिने सारे शांतपणे ऐकले व म्हणाली, “सर, लग्न आम्ही पुण्यातच नोंदवणार. पण तिकडं जाईन ती आधी इंजिनिअर म्हणून. त्याची बायको मी आहेच, ते काय पासपोर्टवर लिहून यायला नको.” वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी तिला विचारले, “मग तिकडं लेथवर काम करणारी माणसं लागतात का गं?” आणि आम्ही तिघेही हसलो.

सरकारचे यात काय काम, या त्यांच्या प्रश्नास आमच्याजवळ समाधान होईल असे उत्तर नाही. राज्यांस आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे हे आम्ही मानतो. लग्नाचा खोटा देखावा करून शिरणारे असतात हेही खरे. परंतु इतिहास पाहता असे दिसते की, संशय नेहमी परक्या देशातील, परक्या रंगाच्या व बहुधा गरीब जोडप्यांच्याच वाट्यास आला, आणि दार उघडले ते अधिकाऱ्यांच्या दयेने क्वचित. केपमधील खटला, व्हँकुव्हरातील गवगवा, नाताळच्या तुरुंगातील बायका यांच्यामुळे ते उघडले. परदेशगमनाचे प्रायश्चित्त देणारे पंच आपण आपल्या गावातून काही प्रमाणात तरी हटविले. ते आता दूतावासाच्या खिडकीमागे बसले आहेत, आणि त्यांनाही कधीतरी आपली अट बदलावी लागेल. तोपर्यंत ज्या आईबापांनी जात, भाषा व देश यांचा उंबरठा मनाने ओलांडला आहे त्यांनी मुलांस एवढीच मदत करावी: घाईने लग्न उरकू नये, खोटा कागद होऊ देऊ नये, आणि मुलीस स्वतःच्या कमाईचे व स्वतःच्या नावाचे साधन असल्यावाचून कोणाच्याही आश्रयास धाडू नये.